एकदाणी, अकरा हजार व्ह्यूज आणि आई

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीहून निघालेली ऑफिसची कॅब नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. ड्रायव्हरकाकांचा एफएम चालू, शेजारची टेस्टिंगवाली गाढ झोपलेली. आणि मी? मी दर दोन मिनिटांनी मोबाइलचा स्क्रीन अंगठ्यानं खाली ओढतेय. नऊ हजार चारशे. पुन्हा ओढ. नऊ हजार सहाशे...

शेअर बाजार नाही हो. माझी कविता!

झालं असं, की ऑफिसातली एक मैत्रीण मला एका कॅफेतल्या ओपन माइकला घेऊन गेली. ओपन माइक म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. वीसेक खुर्च्या, पिवळे बल्ब, विटांची भिंत, खिसा हलका करणारी कॉफी. नाव नोंदवायचं, नंबर आला की माइकसमोर उभं राहायचं. वहीतली कविता मी आयुष्यात पहिल्यांदा माणसांसमोर म्हटली. साडेतीन मिनिटं. विषय, आई. आयोजकांनी व्हिडिओ काढला, आठवड्याभरात तो यूट्यूबवर टाकला. मागे हलकासा पियानो, खाली पांढऱ्या अक्षरात माझं नाव. एकदम सॉल्लिड!

कविता कशाबद्दल होती ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. मी सेलूची. परभणीचं सेलू नव्हे, वर्ध्याचं. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, बोर नदीकाठचं आणि कापसाचं. २०१०च्या हंगामात कापसाला कधी नव्हे तो चांगला भाव मिळाला होता. म्हणून पुढच्या वर्षी सगळ्यांनी हौसेनं पऱ्हाटी लावली आणि भाव घसरला. नेमकी त्यानंतरच्या उन्हाळ्यात, २०१२ साली, माझी इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन. फीची तारीख जवळ आलेली, घरात पैसे नाहीत. आणि एके दिवशी आईच्या गळ्यातली एकदाणी दिसेनाशी झाली. एकदाणी म्हणजे आमच्या विदर्भातला सोन्याच्या मण्यांचा दागिना. आजीनं लग्नात सुनेच्या गळ्यात घातलेला. फी भरली गेली. मी काही विचारलं नाही, आईनं काही सांगितलं नाही.

माझ्या कवितेतली आई सोनाराच्या दुकानात जाते, एकदाणी काढून काउंटरवर ठेवते, सोनार ती मोडतो आणि आई पदर तोंडाला लावून रडते. शेवटी मुलगी पहिल्या पगाराची स्लिप घेऊन त्याच दुकानासमोर उभी राहते, तर दुकानाला कुलूप! कॅफेत तिघीजणी डोळे पुसत होत्या. मी स्टेजवरून पाहिलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

रविवारी आकडा अकरा हजारांवर गेला. आणि रविवारीच रात्री आईचा फोन आला.

"इडिओ पायला," आई म्हणाली. "आवाज साजरा हाय तुहा."

"आवडला?"

बराच वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "एक सांग. तू होती काय व त्या सोनाराच्या दुकानात?"

कविता गावाला पोचते तेव्हा

आमच्या घरी काय झालं होतं, ते मला नंतर चुलतभावाकडून कळलं. त्यानं कौतुकानं व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तिथून तो गल्लीतल्या ग्रुपवर, तिथून कुणाच्या तरी माहेरच्या ग्रुपवर गेला. शेजारच्या काकूंनी मोबाइल आजीच्या कानाशी धरला. आजीला दिसतं कमी, पण ऐकू खणखणीत येतं. आपण घातलेली एकदाणी सुनेनं मोडली, हे आजीला नातीच्या कवितेतून कळलं. आठ दिवस ती आईशी बोलली नाही.

आता गंमत बघा. हीच कविता मी एखाद्या दिवाळी अंकाला पाठवली असती तर? छापून आली असती तर सेलूत तो अंक फार तर माझ्या शाळेतल्या मराठीच्या सरांनी वाचला असता. त्यांनी मला शाबासकीचा फोन केला असता, आणि एकदाणी जिथे होती तिथेच राहिली असती. कागदावरच्या कवितेतली आई कुणाचीही आई असू शकते. व्हिडिओत मात्र माझा चेहरा आहे, माझा आवाज आहे, खाली आडनाव आहे. सेलूच्या माणसाला मग कविता ऐकायची गरजच नाही, तो घर ओळखतो!

ओपन माइकवर जाणाऱ्या, रील्सवर कविता म्हणणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींच्या हे लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं, आपण पुण्या-मुंबईच्या अनोळखी माणसांशी बोलतोय. त्यामुळे आपण जरा जास्तच मोकळे होतो. बाबांचं पिणं, ताईचं मोडलेलं लग्न, आईची एकदाणी, सगळं माइकसमोर मांडतो. आणि ज्यांच्याबद्दल बोलतो, ती माणसं तेव्हा त्या खोलीत नसतात.

तोंडी होती, पुन्हा तोंडी झाली

तसं पाहिलं तर कविता मोठ्यानं म्हणणं आपल्याकडे नवं नाही. जात्यावरची ओवी, भारूड, कीर्तन हे सगळं ऐकायचंच. आमच्या सेलूजवळच्या घोराडला संत केजाजी महाराजांच्या उत्सवात कीर्तन ऐकत मी लहानाची मोठी झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरले, तेव्हा विदर्भातल्या कित्येक माणसांना अक्षरओळख नव्हती, पण भजनं पाठ होती. वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी एकत्र गावोगावी काव्यवाचनं केली आणि लोक कविता ऐकायला गर्दी करतात हे दाखवून दिलं. आमच्या अमरावतीचे सुरेश भट मैफलीत गझल म्हणायचे.

पण या सगळ्यात एक भानगड होती. माइक कुणाच्या हातात? वर्ध्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पहिल्यांदा १९६९ साली झालं. पु. शि. रेगे अध्यक्ष होते. नंतर थेट फेब्रुवारी २०२३मध्ये, न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकरांच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे मधे चौपन्न वर्षं! संमेलनात निमंत्रितांचं कविसंमेलन वेगळं आणि बाकीच्यांसाठी कविकट्टा वेगळा. कट्ट्यावर वाट बघत बसायचं, नाव पुकारलं की पळत जायचं, मिनिटं संपली की सूत्रसंचालक घड्याळ दाखवणार. सेलूतली कविता करणारी एखादी बाई त्या कट्ट्यापर्यंत पोचणार कधी?

मोबाइलनं ही रांगच मोडून टाकली. यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला एप्रिल २००५मध्ये. २०१३ साली नील हिलबॉर्न या अमेरिकन कवीचा 'ओसीडी' या कवितेचा व्हिडिओ जगभर फिरला. माइक, कवी आणि एक कविता, बस्स! सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, सुरुवातीचे काही महिने डेटा फुकट मिळाला आणि आपल्याकडे एकेका घरात व्हिडिओचा नळच सुटला. मार्च २०१७मध्ये मुंबईच्या अरण्या जोहरची 'अ ब्राउन गर्ल्स गाइड टू जेंडर' ही इंग्रजी कविता व्हायरल झाली. मराठीत अभिनेत्री मधुराणी प्रभुलकर यांनी 'कवितेचं पान' ही वेब मालिका केली आणि शाळेनंतर कवितेशी कट्टी घेतलेल्यांनाही कविता ऐकायला बसवलं. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात. त्यांचा आवाज घराघरांत पोचला तो मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून. २०२०च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, त्याच वर्षी रील्स आणि शॉर्ट्स आले, आणि कविता उभ्या स्क्रीनवर मिनिटभरात म्हणायची गोष्ट झाली.

छानच आहे की! मग फरक कुठे पडला? कीर्तनकाराला समोरचे चेहरे दिसतात. गावातल्या कंजुषावर टोमणा मारायचा असेल, तर तो कंजूष तिसऱ्या रांगेत मांडी घालून बसलेला असतो. टोमणा किती लांबवायचा, हे त्याच्याकडे बघून ठरतं. व्हिडिओत ही तिसरी रांगच नाही. तिच्या जागी आहे तो आकडा.

आलेख खोटं बोलत नाही, आपण बोलतो

आकड्याचं एक गुपित सांगते. व्हिडिओ टाकणाऱ्याला यूट्यूब एक आलेख दाखवतं. किती लोक कुठल्या सेकंदाला व्हिडिओ सोडून गेले, याचा. माझ्या कवितेचा आलेख आयोजकांनी मला हौसेनं पाठवला. सुरुवातीला धाडकन उतार. शेतीचा, कापसाच्या भावाचा भाग आला तिथे आणखी उतार. आणि आई रडते त्या ओळींवर? सपाट रेघ. म्हणजे तिथवर आलेला माणूस तिथून हलला नाही.

ती रेघ बघून माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? पुढच्या कवितेत रडणं लवकर आणायचं! तीस सेकंदांच्या आत. शेती काढून टाकायची.

तुम्ही हसाल, पण ओपन माइकवर अर्धा तास बसा आणि नीट ऐका. आज्या वारतात, आया रडतात, बाबा दारात पाठमोरे उभे राहतात. सगळं खरं असतं असं नाही आणि सगळं खोटंही नसतं. हे व्हिडिओनंच शिकवलं असंही नाही. जुन्या कविसंमेलनांतही टाळीची ओळ कुठली, हे कवीला बरोबर ठाऊक असायचं. पण टाळी हवेत विरून जाते. आलेख मात्र सेकंदाच्या हिशेबानं समोर पडतो, ऑफिसातल्या अप्रेझलसारखा. आणि अप्रेझलसाठी आपण काय काय करतो, हे आपल्याला पक्कं माहीत आहे.

आणखी एक गोष्ट मला त्या आलेखाच्या निमित्तानं कळली. मी कविता म्हटली होती ती स्वच्छ पुणेरी मराठीत. "मला", "तुला", "कशाला". पुण्यात पहिल्या वर्षी होस्टेलवर माझ्या "मले-तुले"वर हशा झाला होता, तेव्हापासून मी जीभ इस्त्री करून ठेवलीय. कवितेतली आईसुद्धा माझ्यासारखंच बोलत होती. आईच्या तोंडी माझी भाषा, आईच्या डोळ्यांत माझं पाणी. मग त्यात आई होती कुठे?

कापसाच्या खोलीतला स्टुडिओ

आयोजकांना विनंती केल्यावर त्यांनी दोन दिवसांत व्हिडिओ काढून टाकला. पण फॉरवर्ड झालेला व्हिडिओ म्हणजे सुटलेली म्हातारी. सावरीच्या बोंडातून एकदा उडाली की पुन्हा बोंडात बसत नाही. तो अजूनही कुठल्या तरी ग्रुपवर फिरत असेल.

दिवाळीला घरी गेले. वर्ध्याला ट्रेनमधून उतरून सेलूची एसटी. खिडकीतून दोन्हीकडे फुटलेली पऱ्हाटी, वेचणीला वाकलेल्या बाया. पोटात गोळा. घरी गेल्यावर आईनं पाणी दिलं, चहा दिला, फराळाचं ताट पुढे केलं. विषय काढला नाही. रात्री आजी झोपल्यावर ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली, धान्याच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्याची एक पुरचुंडी काढली.

"हे काय हाय?"

एकदाणी होती! मणी न् मणी जागेवर.

"मोडली नव्हती मी. गहाण ठेवली होती," आई म्हणाली. "दोन दुकानं फिरली. एकानं कमी पैसे देतो म्हटलं, त त्याच्या दुकानातून उठून आली. शिलाई केली, गटातून कर्ज काढलं, तीन वर्सात सोडवून आणली. तुह्या बापालेबी पावती दाखवली. आन् तू तिथं मले रडवून रायली?"

मी म्हटलं, "मला माहीतच नव्हतं गं."

"इचारलं काय कधी?"

बारा वर्षांहून जास्त काळ मी ती गोष्ट मनात घेऊन फिरत होते, तिच्यावर साडेतीन मिनिटांची कविता केली, ती अकरा हजार वेळा बघितली गेली, पण ज्या एका माणसाला ती खरी ठाऊक होती, त्याला मी एक प्रश्न विचारला नव्हता. आईला राग बातमी फुटल्याचा कमी होता. आजीला तिनं एकदाणी काढून दाखवली आणि तो विषय मिटवला. तिचा राग वेगळाच होता. तिनं केलेल्या सगळ्यात मोठ्या पराक्रमातून मी पराक्रमच काढून टाकला होता आणि पदर ठेवला होता!

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आता लिही." भाजी निवडता निवडता ती सांगत होती, मी लिहीत होते. कुठल्या दुकानदारानं वजनात काय खोट काढली, महिन्याला व्याज किती, एका दिवाळीत रात्री दोनपर्यंत किती ब्लाउज शिवले. मधेच ती थांबवायची. "असं नोको लिहू, त्या मानसाचं पोट हाय त्याच्यावर." सोनाराचं नाव कवितेतून गेलं, दुकानही गेलं. बचत गटातल्या बायांची नावं आधीच गेली होती, कारण त्यांना विचारायला गावभर फिरावं लागलं असतं. जे उरलं, ते आधीपेक्षा जास्त होतं. आणि ते सगळं "मले-तुले"मध्ये होतं, कारण तसंच ते घडलं होतं.

आता रेकॉर्डिंग. सपरीत बसले तर रस्त्यावरचे ट्रॅक्टर. अंगणात शेजारच्यांचा मिक्सर. घरात पंखा बंद केला तर फ्रिजची घरघर. शेवटी बाबा म्हणाले, कापसाच्या खोलीत बस की! भाव वाढेल या आशेवर घरात कापूस भरून ठेवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. छातीइतका ढीग. दार लावलं, टाळी वाजवली, आणि काय सांगू! आवाज जराही घुमला नाही. स्टुडिओवाले भिंतींना फोम लावायला पैसे मोजतात, तेच काम कापूस फुकटात करत होता. मऊ वस्तू आवाज पिते आणि भिंतीवरून परत फेकत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर ठेवला, इअरफोनचा माइक हनुवटीपासून वीतभर खाली पिन लावून अडकवला आणि कविता म्हटली. केसांत सरकी, नाकात कापूस, चौथ्या टेकला शिंक. सातवा टेक ठेवला.

विचारायचं कुणाला?

तुम्ही पुण्यात वन बीएचकेमध्ये राहत असाल, तर कापसाची खोली कुठून आणणार? कपड्यांचं भरलेलं कपाट उघडा आणि त्याच्याकडे तोंड करून बोला. पंखा बंद. फोन एअरप्लेन मोडवर. आणि ओळी स्क्रीनवर उमटवा, कारण लोकलमध्ये, बसमध्ये, मीटिंगमध्ये माणसं आवाज बंद करून बघतात. हे झालं तंत्र. ते एका वीकेंडात येतं.

दुसऱ्याची कविता म्हणणार असाल तर कायदाही माहीत हवा. आपल्याकडे कवीच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षं कवितेवर त्याचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क असतो. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. त्यांच्या कविता तुम्ही खुशाल म्हणा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्यासाठी २०५९ संपेपर्यंत परवानगी लागेल. सुरेश भट २००३ साली गेले, म्हणजे २०६३ संपेपर्यंत. आणि कवी कुठलाही असो, नाव घ्याच. व्हॉट्सअ‍ॅपवर निम्म्या कविता पु.लं.च्या नावावर फिरतात, त्यात आणखी भर नको!

पण गंमत अशी, की कायदा फक्त कवीबद्दल विचार करतो. कविता ज्याच्यावर केली त्या माणसाचा त्यात हक्क किती? त्याचं कलम कुठे सापडत नाही. ते आपलं आपणच ठरवायचं.

त्यावरून मला बहिणाबाई आठवतात. शेतात, घरात काम करता करता रचलेली त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, लिहून ठेवली. अत्र्यांनी ती ऐकली आणि हे बावनकशी सोनं लपवून ठेवू नका म्हणून आग्रह धरला. पुस्तक आलं १९५२ साली. बहिणाबाई डिसेंबर १९५१मध्येच गेल्या होत्या. छापलेलं पान बघून "असं नाही, असं होतं" म्हणायला त्या नव्हत्या. मोबाइलच्या जमान्यातल्या आपल्या आया, आज्या, मावश्या मात्र आहेत. एका फोनच्या अंतरावर.

आणि हे काम नीट करणारे लोकही आहेत. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन वर्षानुवर्षं गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! २०१७पासून पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी'वर त्या ओव्या आवाजासकट आणि काही व्हिडिओसकट ऐकायला मिळतात. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. पियानो वगैरे काही नसतं. एक शनिवार सकाळ काढा आणि ऐका. रडवायचा कुणी प्रयत्न करत नाही, तरी ऐकताना हातातला चहा थंड होतो.

म्हणून मी आता स्वतःपुरता एक नियम केलाय. कवितेत ज्याचं घर ओळखू येतं, त्याला कविता आधी म्हणून दाखवायची. फोनवर नाही, समोर बसून. म्हणजे ती तिसरी रांग परत आणायची. त्यानं "नको" म्हटलं, तर कविता वहीत राहील. वही काही वाईट जागा नाही. त्यानं "असं नव्हतं" म्हटलं, तर ती तुमची लॉटरी समजा. तुम्ही म्हणाल, अशानं घरातलं खुपणारं काही बोलायचंच नाही का? बोलायचं की! ज्यानं मारलं, छळलं, त्याची परवानगी मागत बसायला मी सांगत नाहीये. मी बोलतेय ते तुमच्या-माझ्या आयांबद्दल, बहिणींबद्दल. ज्यांच्यावरच्या प्रेमापोटी आपण कविता करतो, आणि त्याच प्रेमाच्या जोरावर त्यांना न विचारता स्टेजवर रडवतो, त्यांच्याबद्दल.

टाक!

भाऊबिजेच्या संध्याकाळी सगळ्यांना सपरीत बसवलं आणि सातवा टेक लावला. बाबा, काका, काकू, चुलतभाऊ, आणि मोबाइलला कान लावून आजी. आईनं कविता पूर्ण ऐकली. मग पुन्हा ऐकली. पुण्यात मी एवढी कधी घाबरले नव्हते.

"टाक," ती म्हणाली. "पण अडीच तोळे कर. तू दोन म्हटलं."

झालं! परत कापसाच्या खोलीत, आठवा टेक.

या व्हिडिओला पहिल्या आठवड्यात किती व्ह्यूज मिळाले असतील? सहाशे चाळीस. आलेखात सपाट रेघ कुठेच नाही, सगळा उतारच. ऑफिसातल्या टेस्टिंगवालीनं विचारलं, "यार, सबटायटल दे ना, 'सोडवून आणली'च्या पुढचं कळलंच नाही." दिले. शिंकेचा टेकही बघायचाय म्हणाली, तो काही दिला नाही.

पुण्याला निघायच्या आदल्या रात्री आजीला सांगितलं, आजी, तुझ्या एकदाणीची कविता सहाशे चाळीस जणांनी ऐकली.

आजी चांगलीच चमकली. आईकडे वळून म्हणाली, "सायशे चाळीस मानसं? मंग चहा कोनं केला व?"